प्राणिसंग्रहालयातील रेड पांडाच्या वर्तनाचे निरीक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणारे विद्यार्थी, तसेच सुट्टीत मुलांना घेऊन दार्जिलिंग-सिक्कीमकडे जाणारे पालक यांच्याकडून रेड पांडाविषयी जे प्रश्न सातत्याने येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. हा प्राणी दिसायला गोजिरवाणा असल्यामुळे बहुतेक जण कठड्यापाशी दोन मिनिटे थांबतात, छायाचित्र काढतात आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळतात. त्याच जागी तासभर थांबल्यास किती तरी अधिक दिसते, आणि जे दिसते ते नीट लिहून ठेवले तर ते इतरांच्याही उपयोगी पडते, म्हणून ही उत्तरे थोडी सविस्तर दिली आहेत.

बेळगावची हवा थंड मानली जाते. मग भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात रेड पांडा का ठेवत नाहीत?

बेळगावला ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणतात, आणि सोलापूर-विजापूरच्या मानाने ते खरेही आहे. रेड पांडाला मात्र एवढा थंडावा पुरत नाही. अंगात ऊब राखण्यासाठी किंवा अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी ज्या हवेत त्याला जादा शक्ती खर्चावी लागत नाही, ती हवा साधारण १७ ते २५ अंश सेल्सिअसची असते. रानात तो साधारणपणे २,२०० ते ४,८०० मीटर उंचीवरील जंगलांत राहतो. बेळगावची उंची सुमारे ७५० मीटर आहे. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी पारा २९-३० अंशांपर्यंत चढतो आणि एप्रिलमध्ये तो ३५ अंशांवर जातो. अंगभर दाट दुहेरी केस आणि तळपायांवरही केसांचे आच्छादन असलेल्या प्राण्याला हा उन्हाळा सोसणार नाही. वातानुकूलित खोलीत त्याला जगवता येईल, पण तेथे चढायला उंच झाडे आणि फिरायला मोकळी जागा देणे अवघड होईल, आणि ज्या वर्तनासाठी आपण त्याला पाहणार तेच आक्रसून जाईल. म्हणून तो येथे नाही याचे वाईट वाटून घेऊ नये.

मग भारतात तो पाहण्यासाठी कोठे जावे?

दार्जिलिंगचे पद्मजा नायडू हिमालयन प्राणिसंग्रहालय नवख्या निरीक्षकासाठी सर्वांत सोयीचे आहे. १९५८ मध्ये सुरू झालेले हे प्राणिसंग्रहालय सुमारे ७,००० फूट उंचीवर आहे आणि रेड पांडाच्या संवर्धन-प्रजननाचे देशातील मुख्य केंद्र म्हणून ओळखले जाते. तेथे जन्मलेल्या दोन माद्या २००३ मध्ये सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आल्या होत्या. या प्राणिसंग्रहालयाचे तोपकेदारा येथील प्रजनन केंद्र पर्यटकांसाठी खुले नसते. आपण पाहतो ते मुख्य आवारातील प्राणी. गंगटोकजवळ बुलबुले येथील हिमालयन प्राणिसंग्रहालयात आवारे प्रशस्त आणि दाट झाडीची आहेत. प्राण्याच्या दृष्टीने ते उत्तम आहे, परंतु तो नजरेस पडायला वेळ लागतो.

बेळगावहून जाणाऱ्यांना न्यू जलपाईगुडी स्थानक किंवा बागडोगरा विमानतळ गाठून पुढे गाडीने वर जावे लागते. सहल कंपनीच्या कार्यक्रमात प्राणिसंग्रहालय आणि त्याच आवारातील पर्वतारोहण संस्था मिळून जेमतेम दीड-दोन तास ठेवलेले असतात. निरीक्षण करायचे असेल तर एक पूर्ण सकाळ मोकळी ठेवण्याचे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे, आणि ती सकाळ गुरुवारची नसावी, कारण त्या दिवशी दार्जिलिंगचे प्राणिसंग्रहालय बंद असते. प्रवास शक्य नसणाऱ्यांनी निराश होऊ नये. परदेशातील काही प्राणिसंग्रहालयांनी रेड पांडाच्या आवारात थेट प्रक्षेपणाचे कॅमेरे बसवले आहेत, आणि पुढे सांगितलेली पद्धत त्यांवरही वापरता येते.

रेड पांडा हा अस्वलाचाच प्रकार आहे का?

नाही. काळा-पांढरा मोठा पांडा अस्वलांच्या कुळातील आहे. रेड पांडाचे कूळ स्वतंत्र आहे आणि त्या कुळात आज तोच काय तो उरला आहे. त्याचे जवळचे नातेवाईक रॅकून, स्कंक आणि मुंगुसासारखे दिसणारे वीझल. फ्रेडरिक क्यूविए यांनी १८२५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, म्हणजे मोठ्या पांडाच्या ४४ वर्षे आधी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर हिमालयी आणि चिनी अशा दोन जाती मानण्याकडे कल आहे. आपल्या प्राणिसंग्रहालयांत दिसतो तो हिमालयी.

निरीक्षणासाठी दिवसातील कोणती वेळ योग्य?

पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या हालचालीच्या मुख्य वेळा आहेत आणि नेमक्या त्याच वेळी प्राणिसंग्रहालयाचे फाटक बंद असते. म्हणून फाटक उघडताच आत जाऊन थेट रेड पांडाकडे जावे. वाघ-बिबटे नंतरही पाहता येतात. दुपारी बहुधा तो झोपलेला आढळतो, आणि फाटक बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या तासात पुन्हा खाली उतरतो. रखवालदाराला खाणे टाकण्याची वेळ अदबीने विचारून घ्यावी. ही वेळ नोंदवहीत लिहिणे आवश्यक आहे, कारण खाणे येण्याच्या आधीची आणि नंतरची वागणूक एकमेकींपासून फार वेगळी असते आणि ती एकत्र केली तर निष्कर्ष चुकतात.

आम्ही गेलो तेव्हा तो झोपलेलाच होता. मग पाहायचे काय?

झोप हेही वर्तनच आहे, आणि रेड पांडाच्या बाबतीत तर दिवसाचा निम्म्याच्या आसपास वेळ विश्रांतीत जातो. याचे मूळ त्याच्या आहारात आहे. त्याची पचनसंस्था मांसाहारी प्राण्यांच्या वळणाची, आतडे आखूड; खातो मात्र मुख्यतः बांबू. त्या बांबूचा जेमतेम चतुर्थांश भाग पचतो आणि बाकीचा दोन ते चार तासांत तसाच बाहेर पडतो. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर जगायचे तर शक्ती जपून वापरणे भागच आहे.

झोपलेल्या रेड पांडाकडे पाहून हवेचा अंदाज बांधता येतो. थंडीत तो अंगाचे वेटोळे करून झुबकेदार शेपूट तोंडावर ओढून घेतो, त्यामुळे नाक आणि पंजे झाकले जातात. ऊब वाढली की तोच प्राणी फांदीवर पोट टेकून पालथा पसरतो आणि चारही पाय दोन्ही बाजूंना खाली लोंबतात. उष्मा आणखी वाढला तर तोंड उघडून धापा टाकू लागतो. झोपेची ‘वेटोळे’, ‘कुशीवर’ आणि ‘पालथा’ अशी वेगवेगळी नोंद ठेवून शेजारी तापमान लिहिले, तर झोपलेल्या प्राण्याजवळचा एक तास एका चांगल्या तक्त्याचे साहित्य देऊन जातो. झोप मोडल्यावरचा क्रमही टिपण्यासारखा आहे. तो आधी पुढचे पाय ताणतो, जांभई देतो, मग पंजा चाटून त्याने तोंड पुसतो, आणि पाठ किंवा पोट खोडावर घासतो. त्यानंतरच चालायला लागतो.

नोंदवहीत नेमके काय लिहायचे?

जे डोळ्यांना दिसते तेच लिहायचे. ‘पांडा उदास आहे’, ‘पांडा आम्हाला पाहून खूश झाला’, ‘तो लाजला’ ही वाक्ये नोंदी म्हणून निरुपयोगी आहेत, कारण ती पाहणाऱ्याच्या मनाविषयी सांगतात. ‘फांदीवर बसला आहे, डोळे उघडे, कान प्रेक्षकांच्या दिशेला, शेपूट स्थिर’ ही नोंद दुसऱ्याला तपासता येते. अर्थ लावण्याची घाई करायची नाही, ही शिस्त एकदा अंगी बाणली की बाकीची पद्धत सोपी आहे.

कामाला सुरुवात करण्यापूर्वी वर्तनसूची तयार करावी. तीत झोप, जागेपणी विश्रांती, बांबू खाणे, इतर अन्न खाणे, पाणी पिणे, अंग साफ करणे, जमिनीवर चालणे, चढणे-उतरणे, वास घेणे, गंधखूण करणे, दुसऱ्या प्राण्याशी संबंध, येरझारा आणि ‘दृष्टीआड’ एवढे रकाने पुरतात. प्रत्येक रकान्याची व्याख्या एका वाक्यात लिहून ठेवावी. उदाहरणार्थ, तोंडात बांबू आहे पण जबडा हलत नाही, हे ‘खाणे’ मानायचे की ‘विश्रांती’, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. ‘दृष्टीआड’ हा रकाना विद्यार्थी हमखास विसरतात, आणि मग प्राणी गुहेत गेल्यावर त्या मिनिटांचे काय करायचे यावरून गोंधळ होतो.

नोंद घेण्याची पद्धत कोणती वापरावी?

आज जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतींची नीट मांडणी जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात केली. आफ्रिकेतील बबून माकडांच्या अभ्यासातून आलेल्या या लेखात त्यांचे म्हणणे असे होते की, निरीक्षकाने जे लक्ष वेधून घेईल तेच लिहिले तर ठळक घटना जास्त आणि शांत घटना कमी नोंदल्या जातात, म्हणून काय आणि केव्हा लिहायचे याचा नियम आधी ठरवला पाहिजे. रेड पांडाच्या बाबतीत हा इशारा फारच महत्त्वाचा आहे. तो दोन मिनिटे धावला तर सगळेजण लिहितात आणि चाळीस मिनिटे पडून राहिला तर कोणीच लिहीत नाही.

नवख्यांसाठी ठरावीक क्षणांची नोंद सर्वांत सोपी. एकच प्राणी निवडावा. मोबाईलवर दर दोन मिनिटांनी कंप होईल असा गजर लावावा, आणि कंप होताच त्या क्षणी प्राणी जे करत असेल त्याची खूण योग्य रकान्यात करावी. आधीच्या मिनिटात त्याने काय केले किंवा पुढे तो काय करणार आहे, याचा विचार करायचा नाही. मधल्या वेळात काही विशेष घडले, जसे दोन प्राण्यांची झटापट, तर ते वेगळ्या जागी वेळेसह लिहावे; तक्त्यात ते मिसळू नये. दर दहा मिनिटांनी तापमान, ऊन-ढग-पाऊस आणि कठड्यापाशी उभ्या असलेल्या माणसांची संख्या टिपावी.

हिशोबाचे एक कल्पित उदाहरण घेऊ. एका तासात दोन मिनिटांनी एक याप्रमाणे ३० नोंदी होतात. त्यांपैकी १२ वेळा झोप, ९ वेळा खाणे, ६ वेळा चालणे-चढणे आणि ३ वेळा प्राणी दृष्टीआड होता, असे समजा. टक्केवारी काढताना दृष्टीआड असलेल्या ३ नोंदी वगळून २७ ने भागावे. मग झोप ४४ टक्के, खाणे ३३ टक्के आणि हालचाल २२ टक्के येते, आणि दृष्टीआड असण्याचे प्रमाण, म्हणजे ३० पैकी ३, वेगळे दिले जाते. ३० ने भागले तर गुहेत गेलेला प्राणी तेथे काहीच करत नव्हता असे आपण न कळत गृहीत धरतो.

तो बांबू खातो कसा? इतका वेळ का लागतो?

हा सर्वांत पाहण्याजोगा भाग आहे आणि दुर्बीण असल्यास ती येथे वापरावी. रेड पांडा बांबूची काडी एका पंजात उभी धरतो. त्याच्या मनगटातील एक छोटे हाड वाढून अंगठ्यासारखे झालेले आहे. त्या हाडाच्या आणि बोटांच्या मध्ये काडी पक्की बसते. मग तो काडी तोंडाजवळ आणून एकेक पान देठापाशी खुडतो, आपल्या घरी मेथी निवडताना पाने खुडतात तसे, आणि ते गालाकडच्या दाढांखाली सरकवून बराच वेळ बारीक चावतो. पान आत जाताना त्याचे टोक तोंडाच्या कडेला हलत राहते. जुनी, वाळकी, कडक पाने तो वास घेऊन सोडून देतो. वसंतात कोवळे कोंब मिळाले तर पानांपेक्षा ते आधी संपतात.

हे खाणे बसून, उभ्याने, फांदीवर पसरून आणि कधी कधी पाठीवर पडूनही चालते. दिवसभरात स्वतःच्या वजनाच्या २० ते ३० टक्के इतका बांबू पोटात जाऊ शकतो, आणि प्राण्याचे वजन साधारण ३ ते ६ किलो असते, हे लक्षात घेतले म्हणजे एकेक पान खुडण्यात किती वेळ जात असेल ते कळते. कोणता पंजा वापरला, एका काडीवर किती वेळ घालवला, किती काड्या अर्धवट टाकल्या, यांपैकी कोणत्याही एका गोष्टीवर पदवीच्या विद्यार्थ्याचा लहान प्रकल्प उभा राहू शकतो.

त्या मनगटातील हाडाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. रेड पांडाच्या नात्यातील सिमोसायन नावाच्या, मांस खाणाऱ्या, नामशेष प्राण्याचे अवशेष स्पेनमध्ये सापडले आणि त्यालाही असेच हाड होते, असे २००६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. त्यावरून हा अवयव आधी झाडावर चढण्यासाठी घडला आणि बांबू धरण्याचे काम त्याला नंतर मिळाले, असे मानले जाते. म्हणून चढताना आणि खाताना तोच पंजा कसा वळतो, हे एकाच दिवशी पाहून घ्यावे. उतरतानाही पाहावे: मागच्या पायांचे घोटे फिरवून तो खोडावरून डोके खाली करून सरळ उतरतो, जे मांजराला जमत नाही.

तो मागच्या पायांवर उभा राहून हात वर करतो, ते कशासाठी?

समाजमाध्यमांवर या पवित्र्याची चित्रफीत ‘शरण आला’ किंवा ‘मिठी मारायला आला’ अशा ओळींसह फिरते. बहुतेक वेळा तो भीतीचा आणि बचावाचा पवित्रा असतो. अचानक काही समोर आले की प्राणी उभा राहून आपला आकार मोठा दाखवतो, आणि पंज्यांची अणकुचीदार नखे वापरण्याच्या तयारीत राहतो. मात्र वरच्या फांदीचा वास घेण्यासाठी किंवा रखवालदाराच्या हातातील फळासाठीही तो उभा राहतो, तेव्हा अंग सैल असते आणि नाक पुढे असते. म्हणून नोंद करताना उभे राहण्याच्या लगेच आधी काय घडले, हे जरूर लिहावे. आधीचा क्षण माहीत नसेल तर अर्थ लावू नये.

तो फांदीला मागचा भाग घासतो आणि खोड चाटल्यासारखे करतो. हा आजार आहे का?

आजार नाही. रेड पांडा एकांतप्रिय आहे आणि त्यांचा बराचसा संवाद गंधातून चालतो. शेपटीखालील ग्रंथींचा स्राव आणि मूत्र यांनी तो खोड, दगड, वाटेचा कोपरा यांवर खुणा करतो. तळपायांतील सूक्ष्म छिद्रांतूनही गंधयुक्त द्रव पाझरतो. दुसऱ्याने केलेली खूण तपासताना तो नाकाबरोबर जिभेची खालची बाजूही लावतो. विष्ठा टाकण्याची त्याची जागाही बहुधा ठरलेली असते. आवाराचा साधा नकाशा काढून त्यावर या खुणांची ठिकाणे टिपली, तर काही दिवसांत प्राण्याच्या नेहमीच्या वाटा कागदावर उमटतात.

दोन रेड पांडा एकत्र असतील तर काय पाहावे?

एरवी ते एकमेकांपासून अंतर राखून असतात. म्हणून दोघांमधील अंतर अंदाजाने मीटरमध्ये लिहीत जावे. ते केव्हा कमी होते हे पाहण्यासारखे असते. समोरासमोर आल्यावर पाठ आणि शेपूट कमानीसारखी करणे, डोके हळूहळू वर-खाली हलवणे, जबडा वाजवणे, एकटक पाहणे अशी चिन्हे दिसतात. आवाजांत फूत्कार आणि घुरघुर हे रागाचे, तर पक्ष्यासारखी चिवचिव विणीच्या काळातली. उत्तर गोलार्धात हा काळ जानेवारी ते मार्च असतो.

तो एकाच वाटेवरून सारख्या येरझारा घालत होता. त्याचे हाल होत आहेत का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची कळकळ रास्त आहे, पण त्याचे उत्तर एका भेटीत देता येत नाही. बंदिस्त प्राण्यांत ठरावीक वाटेवर, ठरावीक वळण घेत, वरकरणी काही हेतू नसताना केलेल्या येरझारा हे ताणाचे किंवा उणीव असलेल्या परिसराचे लक्षण असू शकते, आणि रेड पांडातही त्या आढळतात. उंच बसायला जागा नसणे, लपायला आडोसा नसणे, प्रेक्षक चारही बाजूंनी येणे, गोंगाट, अशी कारणे त्यामागे असू शकतात. परंतु खाणे येण्याच्या आधी काही मिनिटे दाराशी फेऱ्या मारणे हे अपेक्षेतून येते, आणि विणीच्या हंगामात नराची भटकंतीही वाढते. तिन्ही गोष्टी पाहणाऱ्याला सारख्याच दिसतात.

फरक ओळखण्यासाठी फेरी सुरू होण्याची वेळ, तिचा मार्ग, सलग किती फेऱ्या झाल्या, ती कशाने थांबली आणि त्या वेळी कठड्यापाशी किती माणसे होती, हे लिहावे. सलग तीन किंवा अधिक वेळा तोच मार्ग अशी व्याख्या ठरवून घेतली की निदान आपल्या नोंदी तरी एकसारख्या राहतात. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या वेळी तेच आढळले, तर नोंदींची प्रत प्राणिसंग्रहालयाच्या जीवशास्त्रज्ञाकडे किंवा कार्यालयात शांतपणे द्यावी. तीस सेकंदांची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकून संताप व्यक्त करण्यापेक्षा वेळेसह लिहिलेली दोन पाने त्या प्राण्याच्या अधिक कामी येतात.

नर-मादी ओळखता येतात का? आणि एकेक प्राणी वेगळा कसा ओळखावा?

बाहेरून पाहून नर-मादी सांगता येत नाही. रंग आणि आकार जवळपास सारखेच असतात. रखवालदाराला विचारावे. एकेका प्राण्याची ओळख मात्र चेहऱ्यावरून पटते. डोळ्यांपासून गालापर्यंत उतरणारा तांबूस पट्टा, भुवयांजवळचे पांढरे ठिपके, कानांच्या कडा आणि शेपटीवरील कडी यांत फरक असतो. चेहऱ्याची बाह्यरेषा काढून तीत हे पट्टे रंगवावेत. लहान मुले हे काम मोठ्यांपेक्षा चांगले करतात.

आवाज केला, खाऊ टाकला किंवा काच वाजवली तर काय बिघडते?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील कलम ३८-ज प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला डिवचणे, खाऊ घालणे आणि आवाजाने त्रास देणे यांस मनाई करते. कायदा बाजूला ठेवला तरी निरीक्षकाचे स्वतःचे नुकसान आहेच: ज्या क्षणी त्याने शीळ घातली, त्या क्षणापासून तो प्राण्याचे वर्तन न पाहता आपल्या शिळेचा परिणाम पाहत असतो.

रेड पांडा गोंगाटाने किती बिथरतो, याचे एक दुःखद उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो प्राणिसंग्रहालयात सुमारे तीन महिन्यांचे पिल्लू शहरातील फटाक्यांच्या रात्री गुदमरून मरण पावले, आणि फटाक्यांच्या ताणाचा त्याच्याशी संबंध असावा असे तेथील पशुवैद्यांचे मत होते. दिवाळीत आणि गणेश विसर्जनाच्या रात्री आपल्या गल्लीतील कुत्री-मांजरे कोठे दडून बसतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक खबरदारी. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार रेड पांडाला सहज होतो आणि तो जीवघेणा ठरतो. घरी आजारी कुत्रे असेल तर त्याच बुटांनी आणि कपड्यांनी आवारापाशी जाऊ नये.

पिल्ले पाहायची असतील तर केव्हा जावे?

जन्म प्रामुख्याने जून-जुलैमध्ये होतात. एका वेळी एक ते चार, बहुधा दोन पिल्ले. जन्मतः वजन साधारण १०० ग्रॅमच्या थोडे वर, डोळे सुमारे अठरा दिवसांनी उघडतात. पहिले जवळपास तीन महिने पिल्ले ढोलीतच असतात आणि आई त्यांना एका घरट्यातून दुसऱ्या घरट्यात हलवत राहते; या काळात आवार बंद ठेवले असल्यास आग्रह धरू नये. कर्नाटकातील शाळांना दसऱ्याची सुट्टी मिळते ती ऑक्टोबरच्या सुमारास, आणि पिल्ले बाहेर दिसू लागण्याचा काळही तोच. पावसाळा सरलेला असतो, हवा स्वच्छ असते. एप्रिल-मेच्या सुट्टीत गर्दी जास्त आणि पिल्ले नाहीत.

जाण्यापूर्वी बेळगाव परिसरात सराव करता येईल का?

करावाच. भुतरामहट्टीच्या कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात एखादा प्राणी निवडून तासभराची नोंद घेता येते, आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ जवळच असल्यामुळे तेथील विद्यार्थ्यांना ते अगदी सोयीचे आहे. झाडावर राहणाऱ्या प्राण्याचा सराव हवा असेल तर खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी आणि भीमगडच्या बाजूच्या जंगलांत शेकरू आहे. त्याचा शेपटीचा तोल, फांदीवर पालथे पडून घेतलेली विश्रांती आणि पुढच्या पंज्यांत धरून फळ खाणे पाहिले की पुढे रेड पांडा पाहताना नजर तयार झालेली असते. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी घेऊनच जावे. जंगलात जाणे जमत नसेल तर परसातील खार किंवा कौलांवर येणारे वानरही चालते.

सरावात दोघांनी एकाच प्राण्याची एकाच वेळी, एकमेकांच्या वहीत न डोकावता नोंद घ्यावी आणि नंतर ताडून पाहावी. शंभरांतील ८०-८५ नोंदीसुद्धा जुळत नसतील, तर दोष बहुधा डोळ्यांचा नसून वर्तनसूचीतील व्याख्यांचा असतो. त्या दुरुस्त करून पुन्हा सराव करावा.

नोंदी मराठीत ठेवाव्यात की इंग्रजीत?

हात ज्या भाषेत सर्वांत लवकर चालतो, तीत. आपल्या भागातील गटांत मराठी माध्यमातून आलेले, कन्नड माध्यमातून आलेले आणि इंग्रजीत शिकलेले विद्यार्थी एकत्र असतात, त्यामुळे रकान्यांना शब्दांऐवजी क्रमांक द्यावेत, म्हणजे १ झोप, २ खाणे, ३ चालणे याप्रमाणे, आणि क्रमांकांची यादी प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याच्या भाषेत चिकटवावी. तक्ते एकत्र करताना मग कसलीच अडचण येत नाही.

एका सकाळच्या नोंदींवरून अहवालात किती म्हणता येईल?

जेवढे पाहिले तेवढेच म्हणता येईल. ‘रेड पांडा दिवसातील ४४ टक्के वेळ झोपतो’ असे लिहू नये. ‘अमुक तारखेला सकाळी नऊ ते दहा या वेळेत, १४ अंश तापमानात, एका प्रौढ प्राण्याच्या दिसलेल्या २७ नोंदींपैकी १२ झोपेच्या होत्या’ असे लिहावे. हे वाक्य लांबते, पण पुढच्या वर्षी दुसरा गट त्याच कठड्यापाशी त्याच वेळी उभा राहिला तर त्याला या वाक्याशी आपल्या नोंदी ताडून पाहता येतात. मूळ वह्या, नकाशा आणि चेहऱ्यांची चित्रे अहवालासोबत महाविद्यालयाच्या विभागात जपून ठेवावीत, आणि अहवालाची एक प्रत त्या प्राणिसंग्रहालयालाही पाठवावी.